पहिल्या मोठ्या ट्रेकची तयारी: निर्णय घरी, चाल वाटेवर

दमलेल्या माणसाचे निर्णय वाईट असतात. सहा तास चढून आलेल्या, पोटात कावळे ओरडत असलेल्या, ओल्या मोज्यांनी वैतागलेल्या माणसाला ‘आता अर्धाच तास राहिलाय’ हे लगेच पटतं, आणि ते बहुतेक वेळा खरं नसतं. म्हणून साहसी प्रवासाच्या तयारीचा गाभा एकच: जे निर्णय वाटेवर चुकण्याची शक्यता जास्त, ते घरी शांत डोक्याने घ्यायचे आणि कागदावर लिहून ठेवायचे. किती वाजता मागे फिरायचं, किती वजन उचलायचं, कोणतं लक्षण दिसलं की खाली उतरायचं. एवढं ठरलेलं असलं की वाटेवर डोकं मोकळं राहतं. आजूबाजूचं पाहायला, सोबत्याकडे लक्ष द्यायला, स्वतःला ओळखायला त्या मोकळ्या डोक्याचीच गरज असते. फरफटत नेलेला माणूस नुसता दमून परत येतो.

हा लेख चार ते सहा दिवसांच्या, तंबूत किंवा साध्या निवाऱ्यात मुक्काम असलेल्या पहिल्या ट्रेकसाठी आहे. दोर आणि क्रॅम्पॉन (बर्फावर पकड मिळावी म्हणून शूजखाली बांधायचे खिळे) लागतात ते गिर्यारोहण वेगळं. ते शिक्षकाच्या हाताखालीच शिकायचं.

आधी स्वतःची मजल, मग मार्ग

बहुतेक जण आधी सुट्टी बघतात, मग फोटो बघतात आणि मार्ग ठरवून मोकळे होतात. आधी स्वतःला मोजा. पाठीवर आठ किलोची सॅक घेऊन सलग पाच तास चालता येतं का, आणि दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा तेवढंच चालता येतं का? येत असेल तर रोज १० ते १२ किलोमीटर आणि ६०० ते ८०० मीटर चढाईचा मार्ग झेपेल. येत नसेल तर तयारीला तीन महिने द्या आणि तारीख त्यानंतरची धरा.

नुसत्या किलोमीटरवरून दिवसाचा अंदाज बांधू नका. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक आडाखा मांडला, तो आजही वापरात आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला वर आणखी एक तास. समजा दिवसाची वाट १२ किलोमीटरची आहे आणि चढाई ९०० मीटर. अंतराचे २ तास २४ मिनिटं, चढाईचा दीड तास, म्हणजे जवळपास चार तास. पण हा हिशेब हलकं ओझं घेऊन न थांबता चालणाऱ्या, सरावलेल्या माणसाचा. नवख्याने त्याची दीडपट धरावी: सहा तास. खाणं, पाणी, विश्रांती यांचा एक तास वेगळा. सकाळी सातला निघालात तर दुपारी दोनला मुक्काम गाठाल. प्रत्येक दिवसाचा असा हिशेब मांडा. एखादा दिवस नऊ तासांच्या पुढे जात असेल तर तो मार्ग पहिल्या खेपेला नको.

वेळापत्रकात एक दिवस रिकामा ठेवा. तो नसला की परतीचं तिकीट निर्णय घ्यायला लागतं. पाऊस कोसळतोय, वाट निसरडी झालीय, तरी ‘आज खिंड ओलांडली नाही तर गाडी चुकेल’ म्हणून लोक निघतात. बरेच अपघात अशा घाईतून होतात.

आयोजकाबरोबर जाणार असाल तर पैसे भरण्याआधी पाच गोष्टी स्पष्ट विचारा. एका लीडरमागे किती माणसं असतात? लीडरचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुठलं आणि किती जुनं आहे? कोणी आजारी पडलं तर खाली कसं आणि किती तासांत आणता? हवामान बिघडलं तर मागे फिरण्याचा निर्णय कोणाचा? जाणाऱ्याच्या तब्येतीची काय माहिती आधी मागता? शेवटच्या प्रश्नाला ‘काही लागत नाही, सगळे करतात’ असं उत्तर आलं तर तिथे जाऊ नका.

बारा आठवडे शरीराचे

चढायला दम लागतो, उतरायला गुडघे लागतात. नवखे दमाची तयारी करतात आणि गुडघ्यांची विसरतात, मग दुसऱ्या दिवशी उतारावर मांड्या थरथरायला लागतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलत असतो, त्यामुळे त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि एक ते तीन दिवस तो दुखतो. चांगली गोष्ट अशी की थोडा थोडा उताराचा सराव आधी झालेला असला तर हीच इजा पुढच्या वेळी बरीच कमी होते. म्हणून उतरण्याचाही सराव करायचा.

पहिले चार आठवडे: आठवड्यातून चार दिवस ३० ते ४५ मिनिटं झपाझप चालणं, दोन दिवस ताकदीचा व्यायाम. वेग किती? चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येता कामा नये. ताकदीसाठी बैठका, एका पायावरचे लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवणं), टाचा उचलणं आणि प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं), प्रत्येकी दहा ते पंधरा वेळा, तीन फेऱ्या. प्लँक मात्र ३० सेकंदांपासून. यात एक व्यायाम हमखास घाला. १५ ते २० सेंटिमीटर उंच पायरीवर उभं राहा, एक पाय पुढे खाली सोडा आणि तीन अंक मोजत, गुडघा आत न वळू देता, टाच हलकेच जमिनीला टेकवा. धपकन पाय पडला तर तो मोजायचा नाही. दोन्ही पायांचे दहा-दहा. हा सगळ्यात कंटाळवाणा व्यायाम आहे आणि उतारावर सगळ्यात जास्त उपयोगाचा हाच.

पाचवा ते आठवा आठवडा: पाठीवर चार ते सहा किलो घेऊन जिने चढा-उतरा, आणि आठवड्यातून एकदा दोन-तीन तासांची टेकडी करा. नववा ते अकरावा: खऱ्या सॅकमध्ये खरं सामान भरून आठ ते दहा किलो, आणि निदान दोनदा लागोपाठ दोन दिवस पाच-पाच तास चाला. दुसऱ्या दिवशी सकाळी शूज घालताना जे जे दुखतं, तीच ट्रेकवर त्रास देणारी जागा. बाराव्या आठवड्यात निम्मं करा आणि झोप भरून काढा. शेवटच्या आठवड्यात केलेला जादा व्यायाम उपयोगाला येत नाही, त्याचा शिणवटा मात्र बरोबर येतो.

रक्तदाब, दमा, मधुमेह, हृदयविकार असेल, नेहमीची औषधं चालू असतील किंवा बऱ्याच वर्षांत व्यायाम केलेला नसेल तर पहिल्या आठवड्याच्या आधी डॉक्टरांना भेटा. निघायच्या आधल्या दिवशी दाखवून उपयोग नाही.

पाय वाचले तर ट्रेक वाचला

शूज संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. ट्रेकला घालणार तेच मोजे बरोबर न्या. लेस न बांधता पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट जायला हवं. मग लेस बांधून उतरत्या फळीवर किंवा जिन्यावर उतरून बघा. अंगठा पुढे आपटला तर एक नंबर मोठा. नवे शूज ट्रेकच्या आधी निदान ५० किलोमीटर चाललेले असावेत.

जुने शूज असतील तर वेगळी काळजी. अनेक शूजच्या तळव्यातला मधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. तो हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, आणि शूज वापरात नसले तरी ही क्रिया चालूच असते. पाच-सहा वर्षं खोक्यात जपून ठेवलेला, दिसायला नवाकोरा शूज पहिल्याच चढावर तोंड उघडतो तो यामुळे. आधी बोटाने दाबून, वाकवून बघा. भुकटी पडली किंवा भेगा दिसल्या तर तो शूज डोंगरावर नको. चुकून वाटेत तोंड उघडलंच, तर चिकटपट्टी आणि प्लॅस्टिकचे दोन-चार टाय मुक्कामापर्यंत नेतात. चिकटपट्टी वेगळी न्यायची गरज नाही, दोनेक मीटर ट्रेकिंग पोललाच (चालताना टेकायच्या काठीला) गुंडाळून ठेवा.

फोड उष्णता, ओलावा आणि घर्षण यांतून येतो. त्याआधी त्या जागी चटका बसल्यासारखं वाटतं. तो चटका जाणवला त्या मिनिटाला थांबा. ‘पुढच्या टप्प्यावर बघू’ म्हटलं की संपलं, कारण त्या वीस मिनिटांत कातडीचे थर सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. थांबा, मोजा काढा, पाय कोरडा करा, खडा किंवा मोज्याची चुणी शोधा. साधी कागदी सर्जिकल टेप त्या जागेपेक्षा सगळीकडून दोन सेंटिमीटर मोठी कापा, तिचे कोपरे गोल करा (टोकदार कोपरा मोज्यात अडकून सुटतो), आणि सुरकुती न येऊ देता दाबून बसवा. लहान फोड फोडू नका. मोठा आणि चालूच न देणारा असेल तर हात धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला छिद्र पाडा, पाणी दाबून काढा, वरची कातडी मात्र तशीच ठेवा. तीच सगळ्यात चांगली मलमपट्टी.

पायाची नखं निघण्याच्या तीन-चार दिवस आधी सरळ कापा. उतार सुरू होण्यापूर्वी लेस पुन्हा बांधा: पंजावर साधारण, घोट्याच्या वळणावर दोनदा पीळ देऊन घट्ट. टाच मागे घट्ट बसली की अंगठा पुढे आपटत नाही. उतारावर काळी पडणारी नखं बहुतेक या दोन मिनिटांच्या आळसाची असतात.

सॅक: वजन कमरेवर, ओलावा बाहेर

सगळं धरून सॅकचं वजन शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. नवख्याने सहाव्या-सातव्या हिश्श्यावर थांबावं. साठ किलोच्या माणसाने नऊ-दहा किलो. सामान जमिनीवर मांडा, वजनकाट्यावर एकेक वस्तू ठेवा. ‘लागलं तर’ म्हणून घेतलेल्या वस्तूंचा वेगळा ढीग करा आणि त्यातून फक्त प्रथमोपचार, पाऊस, थंडी आणि उजेड या चौघांशी संबंधित तेवढंच परत आत घ्या.

स्लीपिंग बॅग तळाला. जड वस्तू, म्हणजे जेवणाचं सामान, तंबू, पाणी, पाठीला चिकटून खांद्यांच्या फऱ्यांच्या आसपास. जड वस्तू बाहेरच्या बाजूला गेली की सॅक मागे ओढते आणि तुम्ही दिवसभर पुढे वाकून चालता. संध्याकाळी कंबर धरते. रेनकव्हरवर विसंबू नका. पाणी पाठीच्या बाजूने, पट्ट्यांवरून झिरपत आत येतं, आणि जोराच्या वाऱ्यात कव्हर उडूनही जातं. आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी उघडून बसवा, सगळं त्यात भरा आणि तोंडाला पीळ देऊन बंद करा.

सॅक घालायचा क्रम ठरलेला आहे, तो मोडला की खांदे दुखतात:

१. सगळे पट्टे सैल करून सॅक पाठीवर घ्या.
२. कमरपट्टा कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर बसवून घट्ट करा. पोटावर नाही.
३. खांद्याचे पट्टे ओढा, पण खांद्यावर वजन येण्याइतके नाही.
४. खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे हलके ओढा, म्हणजे सॅक पाठीला टेकेल.
५. छातीचा पट्टा शेवटी, श्वास मोकळा राहील इतपत.

आता अंगठा खांद्याच्या पट्ट्याखाली सरकवा. सहज गेला तर वजन कमरेवर आहे.

कपडे आणि झोप

उंची वाढते तसं तापमान उतरतं, दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंश. पायथ्याला २० अंश असेल तर २००० मीटर वरच्या मुक्कामी सातच्या आसपास, आणि वारा असला तर अंगाला त्याहून कितीतरी कमी वाटतं. तीन थर पुरतात: अंगालगत घाम बाहेर टाकणारा सिंथेटिक किंवा लोकरीचा, मध्ये ऊब धरणारा फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. सुती कपडा चालताना नको. भिजला की पाणी धरून ठेवतो आणि थांबल्याबरोबर अंगातली उष्णता शोषायला लागतो. एक सवय लावून घ्या: निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, कारण दहा मिनिटांत अंग तापतं. आणि थांबल्यावर कुडकुडायची वाट न बघता लगेच जॅकेट चढवा. झोपण्याचे मोजे आणि थर्मल दिवसा कधीही घालायचे नाहीत, कितीही मोह झाला तरी. एक कोरडा जोड रात्रीसाठी शिल्लक असणं ही सुरक्षिततेची गोष्ट आहे.

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. त्यातलं ‘कम्फर्ट’चं बघा. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे त्या थंडीत जेमतेम जीव तगेल एवढंच, झोप नाही. आणि मॅटला दुय्यम समजू नका. अंगाखाली दबलेली बॅग हवा धरत नाही, म्हणून ऊबही धरत नाही. जमिनीचा गारठा अडवते ती मॅट. मॅटची क्षमता आर-व्हॅल्यूत मोजतात. साध्या थंडीला दोनच्या आसपास पुरतं, पाणी गोठण्याच्या थंडीत चार किंवा जास्त हवं.

थंडी चढलेला माणूस ओळखायला शिका, कारण त्याला स्वतःला ते कळत नाही. बोटांनी चेन लागत नाही, बोलणं जड होतं, पाय ठेचकाळतात, आणि हसतखेळत असलेला माणूस एकदम चिडचिडा किंवा गप्प होतो. त्याला वाऱ्याआड न्या, ओले कपडे काढा, कोरडे घाला, खाली मॅट द्या, शुद्धीत असेल तर गरम आणि गोड प्यायला द्या. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. कुडकुडणारा माणूस बरा न होता अचानक कुडकुडायचा थांबला तर प्रकरण गंभीर आहे. त्याला आडवा ठेवून, हलवाहलव न करता मदत बोलवा.

पाणी आणि खाणं

स्वच्छ दिसणारा झराही उकळूनच प्या. पाण्याला जोरात उकळी फुटल्यावर एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. क्लोरीनच्या गोळीला पाकिटावर लिहिलेला पूर्ण वेळ द्या, साधारण अर्धा तास. पाणी गार असेल तर जास्त. गढूळ पाणी आधी कापडातून गाळा, नाहीतर गोळीचा बराचसा जोर गाळावरच खर्च होतो.

तहान लागेल तसं प्या. लघवी फिकट पिवळी असली की ठीक. जबरदस्तीने पाण्याच्या बाटल्या रिचवणंही धोक्याचं: रक्तातलं मीठ पातळ होतं आणि डोकेदुखी, मळमळ सुरू होते, जी उंचीच्या त्रासासारखीच दिसते. जुलाब लागले तर ओआरएसची पाकिटं जवळ हवीतच. ती संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. प्रमाण डोळ्यांनी ठरवू नका, चमचा वापरा.

खाण्याचं सूत्र छोटं आहे: भूक लागायच्या आधी, दर तासा-दीड तासाला मूठभर, आणि ओळखीचं. पोटाला नवी ओळख करून द्यायची ही जागा नाही.

उंचीचा त्रास: इथे भिडेला जागा नाही

२५०० मीटरच्या वर जाणार असाल तर हा भाग दोनदा वाचा. हवेत ऑक्सिजनचा वाटा वरही २१ टक्केच असतो, पण हवेचा दाबच कमी होतो. ५५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो. शरीर जुळवून घेतं, त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ व्यायामाने कमी होत नाही. उलट धट्टाकट्टा माणूस भरभर चढतो आणि आधी आडवा होतो.

३००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक रात्र जादा काढा. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपायला उतरलं तर उत्तम. वर नव्याने डोकं दुखायला लागलं आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा न जाणारा थकवा असेल, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजा. उपाय: त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. वाढत गेला तर उतरायचं.

दोन लक्षणं दिसली की रात्र असली तरी उतरायला सुरुवात करायची. एक, माणसाला एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत सरळ रेषेत चालता येत नाही, किंवा तो गोंधळल्यासारखं बोलतो: मेंदूला सूज. दोन, स्वस्थ बसलेला असतानाही धाप, खोकला, छातीत बुडबुड्यांचा आवाज: फुप्फुसात पाणी. निदान ३०० ते १००० मीटर खाली, लक्षणं कमी होईपर्यंत, आणि एकट्याने कधीच नाही. सोबत ऑक्सिजन असेल तर लावा, पण त्यासाठी उतरणं थांबवू नका. ॲसिटाझोलमाइडच्या गोळीबद्दल घरीच डॉक्टरांशी बोला. ती जुळवून घ्यायला मदत करते, लक्षणं लपवून वर चढण्यासाठी ती नाही. झोपेची गोळी आणि दारू वर टाळाच.

नवखे इथे चुकतात ते माहितीअभावी नाही, संकोचापोटी. सगळ्यांचा ट्रेक आपल्यामुळे अडेल म्हणून डोकेदुखी लपवतात. म्हणून गटाने पहिल्याच संध्याकाळी ठरवून टाकावं: रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाने डोकं, पोट, झोप, लघवी या चार गोष्टी मोठ्याने सांगायच्या. सगळेच सांगतात म्हटल्यावर कोणा एकाला वेगळं पडल्यासारखं वाटत नाही.

मागे फिरण्याची वेळ

ध्रुवीय मोहिमांचे नेते अर्नेस्ट शॅकल्टन जानेवारी १९०९ मध्ये दक्षिण ध्रुवापासून सुमारे १८० किलोमीटरवर पोहोचले होते. तोवर तिथे कोणीच गेलेलं नव्हतं. पण परतीला शिधा पुरेल असा हिशेब जुळत नव्हता. ते मागे वळले आणि त्यांचे तिन्ही साथीदार जिवंत परतले. परतीची वाट हाही प्रवासाचाच भाग आहे, आणि त्यासाठी अन्न, उजेड आणि ताकद आधीच बाजूला काढून ठेवावी लागते.

शिखर किंवा खिंडीच्या दिवशी घड्याळाची एक वेळ आदल्या रात्री लिहून ठेवा. काढायची अशी: अंधार पडायच्या दोन तास आधी मुक्कामी परतायचं, तिथून उतराईचे तास वजा करा. अंधार सहाला, उतराई तीन तास, तर मागे फिरायची वेळ सकाळी अकरा... नाही, दोन तास राखीव धरून चारला परत, म्हणून दुपारी एक. अशी चूक कागदावर सुधारता येते, डोंगराच्या धारेवर नाही. एक वाजले की माथा समोर दिसत असला तरी वळायचं.

वेळेआधी वळायला लावणाऱ्या गोष्टीही त्याच कागदावर लिहा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे: धार, माथा, एकटं झाड सोडा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका. वेगाच्या प्रवाहात पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नका. बर्फ वितळून वाहणाऱ्या ओढ्याला पहाटे पाणी कमी असतं, तोवर थांबा. ओलांडताना सॅकचा कमरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येईल, आणि शूज घालूनच उतरा.

घरी ठेवायचा कागद

दोन माणसांकडे ठेवा: रोजचा मार्ग आणि मुक्काम, सोबत्यांचे आणि आयोजकाचे फोन, रक्तगट, औषधं, ॲलर्जी, आणि ‘या तारखेला इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर इथे कळवा’ ही ओळ. ती नसली तर घरचे एकतर पहिल्या तासाला घाबरतात किंवा दोन दिवस वाट बघत बसतात. विम्याच्या कागदात उंचीची मर्यादा, हेलिकॉप्टरने सुटका आणि साहसी खेळ विम्यातून वगळलेत का, या तीन गोष्टी शोधा. अनेकदा सुटकेआधी कंपनीची मंजुरी लागते, म्हणून तो नंबर कागदावरही हवा. नकाशे फोनमध्ये ऑफलाइन उतरवा, शिवाय एक छापील प्रत प्लॅस्टिकमध्ये. थंडीत बॅटरी लवकर उतरते. फोन आणि पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. शिट्टी गळ्यात. मदत हवी असेल तर मिनिटात सहा वेळा वाजवा, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. मिनिटात तीन शिट्ट्या ऐकू आल्या की तुमची हाक पोहोचली. रेंज अगदी कमी असेल तर फोनपेक्षा मेसेज जाण्याची शक्यता जास्त.

आतला बदल आपोआप होत नाही

१९४१ मध्ये शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांनी वेल्समध्ये तरुण खलाशांसाठी आउटवर्ड बाउंड या साहसातून शिक्षण देणाऱ्या संस्थेची पहिली शाळा काढली. साहसातून माणूस घडवायचा तर अडचणीइतकंच महत्त्व त्यावर मागाहून केलेल्या विचाराला द्यावं लागतं, हे अशा शिक्षणात पक्कं रुजलं. अमेरिकी शिक्षण-अभ्यासक डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेलं शिकण्याचं चक्रही तेच सांगतं: अनुभव, त्यावर विचार, त्यातून निष्कर्ष, मग नवा प्रयोग. नुसता अनुभव घेऊन घरी आलं तर फोटो उरतात.

म्हणून एक छोटी वही न्या. रोज संध्याकाळी जेवणाआधी तीन ओळी: आज मी कोणता निर्णय घेतला, त्या वेळी मला काय माहीत होतं, काय झालं. दुसरी ओळ सगळ्यात मोलाची. चुकीचा निर्णय घेऊनही कधी काही बिघडत नाही, आणि मग तोच शहाणपणा वाटायला लागतो. पाऊस येईल असं दिसत असताना निघालात आणि पाऊस आला नाही, तर निर्णय बरोबर ठरत नाही, नशीब चांगलं होतं एवढंच.

निर्णय घ्यायचे तर ते तुमच्या हातात असले पाहिजेत. सगळं लीडरवर सोडून त्याच्या टाचा बघत चालू नका. रोज एक जबाबदारी मागून घ्या: एक दिवस नकाशा आणि वेळेची नोंद, एक दिवस सगळ्यांत मागे राहून शेवटच्या माणसाला सोबत, एक दिवस पाणी. मागे चालण्याचा दिवस टाळू नका. सर्वांत संथ माणसाच्या गतीने सहा तास चालणं, त्याला घाई न करता, हे जितकं शिकवतं तितकं शिखर शिकवत नाही.

भीती वाटेल. अरुंद धारेवर पाय आखडले की थांबा, दोन्ही पोल रोवा, नाकाने चार अंक श्वास घ्या, सहा अंक सोडा, पाच वेळा. मग सोबत्याला मोठ्याने सांगा की नेमकं कशाचं वाटतंय: उंचीचं, निसरड्याचं, की सॅकच्या झोक्याचं? निसरडं असेल तर पाऊल बदलता येतं, सॅक असेल तर पट्टे आवळता येतात. नाव न दिलेल्या भीतीचं काहीच करता येत नाही. आणि ती खरोखर धोक्याची निघाली, तर मागे फिरण्याचा कागद खिशात आहेच.

परत आल्यावर

दोन दिवसांच्या आत सामान तीन ढिगांत काढा: रोज वापरलं, एकदा वापरलं, वापरलंच नाही. प्रथमोपचार, पाऊस, थंडी आणि उजेड यांचं सोडून तिसरा ढीग पुढच्या यादीतून खोडा. तंबू आणि स्लीपिंग बॅग सावलीत पूर्ण वाळवा, बॅग दाबून न ठेवता मोठ्या सैल पिशवीत ठेवा, नाहीतर आतलं भरण कायमचं बसतं.

तिसऱ्या आठवड्यात वही पुन्हा उघडा. तोपर्यंत कौतुक ओसरलेलं असतं आणि ओळी स्पष्ट दिसतात: कोणत्या वेळी चिडलात, कुठे मदत मागायला उशीर केलात, कुठे ऐकून घेतलंत. त्यातली एकच गोष्ट निवडा आणि रोजच्या कामात तिला जागा द्या. मदत मागायला उशीर होत असेल, तर उद्याच्या कामात अडल्यावर पंधरा मिनिटांनी विचारायचं, असं साधं आणि मोजता येण्यासारखं.

पुढचा ट्रेक ठरवताना उंची, दिवस, वजन आणि वाटेचा अवघडपणा या चारपैकी एकच गोष्ट वाढवा. चार दिवसांचा जमला असेल तर सहा दिवसांचा, पण त्याच उंचीवर. दोन गोष्टी एकदम वाढवल्या आणि काही बिघडलं, तर कशामुळे बिघडलं ते वहीत लिहिता येत नाही.